अर्ध्या गावाला जुनी नोटीस, अर्ध्या गावाला नवी

जानेवारी सरत आला की ग्रामपंचायतीत वसुलीचा मोसम सुरू होतो. पंचायत समितीच्या बैठकीत टक्केवारी विचारतात, गावात भोंगा लावलेली रिक्षा फिरते, शिपाई वही काखेत मारून दारोदार जातो, आणि संध्याकाळी सगळ्यांचं एकमत होतं: "गावाची मानसिकताच नाही हो." मी ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं घेतो. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता प्रशिक्षणाची सुरुवात त्यानेच करतो. मानसिकता म्हटलं की विचार थांबतो. वर्तन-अर्थशास्त्राचं काम तिथून सुरू होतं: माणूस पैसे भरायच्या वाटेवर नेमका कुठे अडला ते शोधायचं. आपला शोध खरा की खोटा हे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे अर्ध्यांना जुनं आणि अर्ध्यांना नवं देऊन तपासायचं, ते झालं प्रायोगिक अर्थशास्त्र.

या दोन्ही शाखांना मान आता भरपूर मिळालाय. २००२ चं नोबेल डॅनियल कानेमन आणि व्हर्नन स्मिथ यांना विभागून, २०१७ चं रिचर्ड थेलर यांना, २०१९ चं अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना. आपल्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात तर या विषयावर अख्खं प्रकरण होतं. पण गावातल्या टेबलावर बसून हे करायचं कसं, ते फारसं कुणी सांगत नाही. इथे उदाहरण घरपट्टी-पाणीपट्टीचं घेतलंय. तुमच्याकडे सोसायटीचा मेंटेनन्स असेल, पतसंस्थेचे हप्ते असतील, तर नावं बदला. पायऱ्या त्याच.

आकडा आधी, उपाय नंतर

"जनजागृती झाली" हा आकडा नव्हे. वसूल झालेले रुपये हाही चांगला आकडा नव्हे, कारण एखाद्या गोडाऊनवाल्याने चार वर्षांची बाकी एकदम भरली की टक्केवारी उडी मारते आणि गाव होतं तिथेच असतं. घरं मोजा. नोटीस हातात पडल्यापासून ४५ दिवसांत किती घरांनी चालू वर्षाची पट्टी पूर्ण भरली? पावतीपुस्तकावरून हे सरळ निघतं, कुणाला विचारावं लागत नाही.

दुसरा आकडा ३१ मार्चचा घ्या. नाहीतर मार्चमध्ये भरणारेच लोक फेब्रुवारीत भरतात आणि आपण नवे भरणारे मिळाले म्हणून पेढे वाटतो. लवकर आलेल्या पैशालाही किंमत आहे, विजेचं बिल वेळेवर जातं. पण ते वेगळं यश आहे, वेगळं लिहा.

हे दोन आकडे कागदावर लिहून, तारीख घालून, सही करून ठेवा. चाचणी संपल्यावर आकडा निवडायला बसलात तर एखादा तरी आकडा तुमच्या बाजूने बोलतोच.

पैसे भरायची वाट स्वतः चालून पाहा

एक बिल घ्या आणि ते तुमचंच आहे असं समजून वाचा. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी, विशेष पाणीपट्टी. प्रत्येकासमोर मागील बाकी, चालू, एकूण. खाली उजव्या कोपऱ्यात, कार्बनच्या दुसऱ्या प्रतीवर, फिकट निळ्यात एकूण रक्कम. आणि नेमका तिच्यावरच गोल शिक्का. साठीच्या माणसाने हे बिल चष्मा लावूनही वाचलं नाही तर त्यात त्याची मानसिकता कुठून आली?

मग कार्यालयात जा, सकाळी ११ ला. दाराला कडी, ग्रामसेवक (आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी) तालुक्याला मीटिंगला गेलेले. रोजंदारीवरच्या बाईने पट्टी भरायला येणं म्हणजे अर्ध्या दिवसाचा रोज बुडवणं. दुसऱ्यांदा येणं म्हणजे पुन्हा अर्धा. चौदाशेची पट्टी तिला चौदाशेला पडतच नाही.

न भरणाऱ्या वीस-पंचवीस घरांशी बोला, अंगणात बसून, पावतीपुस्तक घरी ठेवून. कारणं साधारण चार ढिगांत पडतात: किती भरायचं ते कळलं नाही, हातात पैसा किंवा वेळ नव्हता, भरू भरू म्हणत राहिलं, किंवा पटत नाही. चौथ्या ढिगाचं औषध कागदात नाही. नळाला चौथ्या दिवशी पाणी येत असेल तर हा लेख इथेच मिटा आणि आधी पंप बघा.

हे मी उगाच म्हणत नाही. राजस्थानच्या उदयपूर भागात सेवा मंदिर या संस्थेसोबत १३४ गावांत लसीकरणाचा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं ६ टक्के. जिथे दर महिन्याला न चुकता शिबिर भरलं तिथे १८ टक्के. शिबिरासोबत दर वेळी एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला, तिथे ३९ टक्के. सगळे लोक डाळीची गोष्ट सांगतात. मला त्यातलं ६ चं १८ झालं ते जास्त मोलाचं वाटतं: नर्स ठरल्या दिवशी आली, एवढंच. डाळीमुळे उलट दर मुलामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण नर्स दिवसभर बसणारच होती. समोर आठ मुलं आली काय नि वीस आली काय, तिचा पगार तोच.

पैसा हातात कधी असतो?

आपली वसुली मार्चला बांधलेली, कारण आपलं वर्ष मार्चला संपतं. गावाचं वर्ष वेगळं असतं. ऊसपट्ट्यात ऊसबिल जमा होतं तेव्हा, सोयाबीनच्या भागात दिवाळीच्या आसपास, दूध असेल तिथे दर दहा-पंधरा दिवसांनी.

तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी तोडणीआधी, म्हणजे ओढगस्तीत, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, साध्या आकृतीकोड्यांना बसवले. तोडणीनंतर त्यांनी ठळकपणे चांगली कामगिरी केली. माणूस तोच, फक्त डोक्यावरचा पैशाचा घोर कमी झालेला. पश्चिम केनियात डुफ्लो, क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी खताच्या बाबतीत असंच पाहिलं. सुगी होताच, पैसे हातात असताना, "आत्ता खताचे पैसे भरा, घरपोच आणून देतो" अशी छोटी सवलत दिली, तर हंगामात पुढे दिलेल्या कितीतरी मोठ्या सवलतीइतका परिणाम झाला.

तेव्हा कारखान्याच्या आणि डेअरीच्या बिलांच्या तारखा विचारा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा, आणि नोटीस त्या गोलानंतर दोन-तीन दिवसांत हातात पडेल असं बघा. याला एक पैसाही लागत नाही.

नोटीस

जुनी नोटीस साधारण अशी असते:

"उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपणाकडे ग्रामपंचायत कराची रक्कम येणे बाकी असून सदर रकमेचा सात दिवसांचे आत भरणा करावा. अन्यथा आपणाविरुद्ध महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चे कलम १२९ अन्वये कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी."

यात रक्कम नाही, तारीख नाही, जागा नाही. धमकी आहे, आणि ती दरवर्षी येते व दरवर्षी काही होत नाही हे सगळ्यांना पाठ आहे. आता ही वाचा:

"तुमच्या घराची या वर्षाची घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून १,४०० रुपये झाली. २५ फेब्रुवारीपर्यंत भरा. कार्यालय सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ६ ते ८ उघडं आहे. बाजारच्या दिवशी चावडीसमोर टेबल असेल. तुमच्या वॉर्डातल्या दर १० पैकी ७ घरांनी गेल्या वर्षीची पट्टी पूर्ण भरली आहे. रक्कम चुकीची वाटली तर हा कागद घेऊन या, वही समोर ठेवून बघू."

रक्कम मोठ्या टाइपात, पहिल्या ओळीत. शिक्का कुठेही मारा, रकमेवर नको. आणि कायद्याने द्यावी लागणारी मागणीची नोटीस बंद करू नका. हा कागद तिच्या जागी नाही, आधी पाठवायचं स्मरणपत्र आहे. खाली जुनी-नवी म्हणतोय ते या स्मरणपत्राच्या दोन मजकुरांना.

"दर १० पैकी ७" ही ओळ ब्रिटनच्या करखात्याच्या प्रयोगातून आली. तिथे २०११ मध्ये एक लाखाहून जास्त थकबाकीदारांना वेगवेगळ्या मजकुराची पत्रं गेली. "दहापैकी नऊ लोक कर वेळेवर भरतात, न भरणाऱ्या मोजक्या लोकांत सध्या तुम्ही आहात" अशा अर्थाचं पत्र सगळ्यांत सरस ठरलं. साध्या पत्रापेक्षा भरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ५ टक्के-अंकांनी वाढलं (४० टक्क्यांचे ४५ टक्के झाले तर ती वाढ ५ टक्के-अंकांची). ही ओळ वापरायची अट एकच: आकडा खरा हवा. गावात ४० टक्केच भरत असतील तर ती ओळ काढून टाका. खोटं लिहिलंत तर गावात ते दुपारपर्यंत कळतं.

याच न्यायाने थकबाकीदारांची यादी चौकात लावणं मला धोक्याचं वाटतं. आपण समजतो की नाव वाचून माणूस लाजेल. तो यादीची लांबी बघतो आणि म्हणतो, अरे, एवढे लोक भरत नाहीत! कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये घराघरांत शेजाऱ्यांची सरासरी वीज कळवली, तर जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. मग कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर एक हसरा चेहरा काढला आणि ती वाढ थांबली. वेळेवर भरणाऱ्या घराला दोन ओळींचं आभारपत्र पाठवा. तो आपला हसरा चेहरा.

दंड लावायच्या आधी हैफा आठवा. इस्रायलमधल्या त्या शहरात १० पाळणाघरांपैकी ६ ठिकाणी मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड सुरू केला. उशीर जवळपास दुप्पट झाला. आधी बाईंसमोर ओशाळं वाटायचं, आता पैसे मोजले की विषय संपला. दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही.

चिंचोक्यांचा खेळ

हा भाग वगळला तरी चालेल, पण ग्रामसभेत वीस मिनिटं मिळाली तर जरूर करा. पाच जण बसवा, प्रत्येकाला १० चिंचोके. प्रत्येकाने हवे तितके गुपचूप मडक्यात टाकायचे. मडक्यात जमतील त्याच्या दुप्पट करायचे आणि पाचांत सारखे वाटायचे. सगळ्यांनी सगळे टाकले तर ५० चे १००, प्रत्येकाला २०. एकाने मूठ झाकून ठेवली तर ४० चे ८०. प्रत्येकाला १६, आणि मूठ झाकणाऱ्याकडे २६. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत मडक्यातला आवाज कमी व्हायला लागतो.

प्रयोगशाळांत हा खेळ जगभर खेळला गेलाय. झुरिचच्या २००१ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात साधारण निम्मे लोक "बाकीचे टाकतील तर मीही टाकेन" या जातीचे निघाले, पक्के फुकटे साधारण तिसरा हिस्सा. वसुलीसाठी याचा अर्थ फार कामाचा आहे. आपल्या नोटिसा फुकट्यांना उद्देशून लिहिलेल्या असतात आणि त्या वाचतो तो निम्मा गाव, ज्याला फक्त इतकंच विचारायचं असतं की, बाकीच्यांनी भरले का?

चिठ्ठ्या टाका

इथे बहुतेक जण घाई करतात. नवी नोटीस छापतात, सगळ्या गावाला वाटतात, वसुली वाढते आणि सत्कार होतो. पण त्याच वर्षी पाऊस बरा झाला असेल, ऊसबिल लवकर आलं असेल, निवडणूक असेल. मुंबईत वडाळ्याजवळ रेल्वेरुळांवरचे मृत्यू कमी करायला २००९-१० च्या सुमारास फायनल माइल या संस्थेने रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, कारण अंगावर येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्याला कमी वाटतो. कल्पना फार देखणी, मला आजही आवडते. पण आधी-नंतरची तुलना एका जागेपुरती होती. रंगवायच्या जागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या तर श्रेय रंगाला किती द्यायचं हे ठाम सांगता आलं असतं.

कृती अशी. समजा गावात ८०० घरं आहेत.

एक्सेलमध्ये यादी करा: घर क्रमांक, वॉर्ड, गेल्या वर्षी भरली की नाही. एकाच वाड्यात राहणारे तीन भाऊ, तीन बिलं, एक ओटा असं असेल तर तिघांना मिळून एक घर धरा. नाहीतर एकाची नोटीस तिघं वाचतात. पुढच्या रकान्यात रँड, म्हणजे =RAND(), हे सूत्र घालून प्रत्येक घरासमोर यादृच्छिक आकडा आणा. तो रकाना कॉपी करून लगेच "पेस्ट स्पेशल"मधून नुसती मूल्यं चिकटवा. हे विसरलात तर फाईल उघडताना प्रत्येक वेळी आकडे बदलतात आणि कुणाला काय गेलं हे देवालाही सांगता येत नाही. मग प्रत्येक वॉर्डात त्या आकड्याप्रमाणे यादी लावा, वरचा अर्धा गट क, खालचा अर्धा गट ख. कुठल्या गटाला नवी नोटीस, ती चिठ्ठी ग्रामसभेत शाळेतल्या मुलाकडून काढून घ्या. "सरपंचाच्या भावकीला वेगळी नोटीस" ही चर्चा जन्मायच्या आधीच मिटते.

संध्याकाळची वेळ आणि बाजारचं टेबल दोन्ही गटांना खुलं हवं, आणि जुन्या नोटिशीखालीही छापलेलं हवं. नाहीतर फरक पडला तो मजकुराने की वेळेने, हे कळणार नाही.

वाटप एकाच माणसाने, एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीने करायचं. एका गावात हेच चुकलं. शिपायाला नवी नोटीस आवडली. ती त्याने घराघरांत हातात देऊन, समजावून सांगून दिली; जुन्या नोटिसा कुंपणावरून टाकल्या. निकाल झकास आला. आम्ही मोजलं ते नोटिशीला नाही, शिपायाला. (नंतर सुचलं की तोही एक उपाय आहे आणि तो वेगळा तपासायला हवा होता.)

निकाल वाचताना

दोन्ही गटांत सारखी घरं असतील तर १४० ला एका गटातल्या घरांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. ४०० चं वर्गमूळ २०. १४० भागिले २० म्हणजे ७. निकालात निव्वळ योगायोगाने साधारण इतक्या टक्के-अंकांचं इकडेतिकडे धरायचं.

समजा ४५ दिवसांत जुन्या नोटिशीच्या ४०० पैकी १६८ घरांनी भरली, म्हणजे ४२ टक्के. नव्याच्या ४०० पैकी १९६ घरांनी, म्हणजे ४९ टक्के. फरक ७. अधिक-उणे ७ धरलं तर खरा परिणाम जवळजवळ शून्यापासून १४ पर्यंत कुठेही असू शकतो. "नवी नोटीस बहुधा चालते, किती ते नक्की नाही," एवढंच लिहा. जास्तीची २८ घरं गुणिले १,४०० म्हणजे ३९,२०० रुपये, आणि छपाईला हजार-दोन हजार. इतका स्वस्त उपाय अशा अर्धवट पुराव्यावरही चालू ठेवायला हरकत नाही. हाच निकाल लाखभराच्या कामाचा असता तर मी पुन्हा चाचणी मागितली असती.

शंभर घरांच्या वाडीत एका गटात ५० घरं, वर्गमूळ साधारण ७; १४० भागिले ७, म्हणजे २० टक्के-अंकांचं इकडेतिकडे. तिथे एकट्याने चाचणी करू नका, शेजारच्या सात-आठ ग्रामपंचायती सोबत घ्या.

चमत्काराची वाटही पाहू नका. स्टेफानो डेलाविग्ना आणि एलिझाबेथ लिनोस या संशोधकांनी अमेरिकेत सरकारी कामांसाठी असेच छोटे बदल तपासणाऱ्या दोन मोठ्या संस्थांच्या १२६ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत २ कोटींहून जास्त लोक होते. नियतकालिकांत छापून आलेल्या अशा प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के-अंक दिसत होता, या संस्थांच्या सगळ्या चाचण्या मोजल्यावर १.४. फसलेले प्रयोग छापायला कुणी पाठवत नाही, हे त्यामागचं मोठं कारण. आणि छापलेलंही सगळं खरं नसतं: अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर लोक खरं लिहितात, असा २०१२ चा एक गाजलेला निबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातली आकडेवारी बनावट निघाली. तोवर काही सरकारी कार्यालयांनीही तो उपाय करून पाहिला होता.

काय चिठ्ठीवर टाकायचं नाही

पाणी. नैरोबीत थकबाकीदार घरमालकांची जोडणी तोडण्याचा प्रयोग झाला; २०२० मध्ये तो निबंध बाहेर आल्यावर मोठा गदारोळ उठला, कारण पट्टी मालकाने थकवली आणि नळ भाडेकरूंचा बंद झाला. मजकूर, वेळ, जागा, निरोप देणारा माणूस, यांवर चिठ्ठ्या टाका. ज्याच्यावर माणसाचा हक्क आहे ते कुणाचंही अडवू नका. फायद्याची गोष्ट वाटायची असेल तर मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने केलं तसं करता येतं: मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी बालसखी काही शाळांत तिसरीला दिली, बाकीच्या शाळांत चौथीला. प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं, आणि तिसरीची तुलना तिसरीशी, चौथीची चौथीशी करता आली.

चाचणी होण्याआधी ग्रामसभेत साधा ठराव घ्या: दोन प्रकारच्या नोटिसा जातील, रक्कम आणि हक्क सगळ्यांचे तेच. निकाल काहीही आला तरी पुढच्या सभेत वाचून दाखवा, फरक शून्य आला तरी. फाईलला दोन्ही नोटिसांची एकेक प्रत, चिठ्ठ्यांची यादी आणि सुरुवातीचा तो सही केलेला कागद लावा, म्हणजे तुमची बदली झाल्यावर येणाऱ्या माणसाला पुन्हा भोंग्याच्या रिक्षेपासून सुरुवात करावी लागणार नाही. त्याच्यासाठी पुढच्या चाचणीचा विषयही फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझी सूचना: ऊसबिल जमा होतं त्या दिवशी संध्याकाळी अर्ध्या घरांना एसएमएस, आणि उरलेल्या अर्ध्यांना तोच एसएमएस दहा दिवसांनी.